टाचणवही कोणासाठी? सावित्रीच्या खोऱ्यातील मास्तर आणि त्यांचे लेखन

२०२३च्या अखेरच्या महिन्यांत महाराष्ट्रभर शाळांची जुनी कपाटे उघडली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती काम करीत होती, आणि महसुली कागदांच्या जोडीने शाळांच्या जनरल रजिस्टरांनाही एकाएकी मोल आले होते. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. ज्या वह्यांकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, त्यांची पाने जपून उलटली जाऊ लागली.

जनरल रजिस्टर कायम जतन करावे लागते. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचे कारण असते. दाखला याच वहीवरून मिळतो. पण ज्या मास्तरांनी ही वही लिहिली, त्यांच्याच हाताने त्याच शाळेत याहून कितीतरी अधिक मजकूर लिहिला गेला. रोज काय शिकवायचे याचे टाचण, वर्षाचे नियोजन, तपासणीच्या तयारीची टिपणे. हा मजकूर वर्षअखेरीस रद्दीत गेला. मराठी मुलखातील गद्यलेखनाचा हा बहुधा सर्वांत मोठा साठा असावा, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तो जवळजवळ अनुपलब्ध आहे.

हा धागा त्या लेखनाविषयी आहे. शिक्षकाने स्वतःच्या शिकवण्याविषयी लिहावे, त्यातून स्वतः शिकावे, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली? ती इतक्या उशिरा का रुजली? आणि महाड-पोलादपूरसारख्या भागात तिची गरज सर्वाधिक असूनही तिथल्या शाळांच्या दप्तरात तिला जागा का मिळाली नाही?

आधी भूगोल पाहू. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीला मिळते. पोलादपुराहून एक वाट आंबेनळीने महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडीने खेडकडे उतरते. महाडहून वरंध घाट भोरकडे जातो. या घाटांच्या कुशीत गावे फार थोडी आणि वाड्या पुष्कळ. गाव एका नावाचे, पण त्याच्या वाड्या डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर विखुरलेल्या. शाळा म्हणजे एक खोली, एक किंवा दोन शिक्षक आणि चार इयत्ता एकत्र. पावसाळ्याचे चार महिने ओढे भरले की पलीकडची मुले येत नाहीत. घरटी एखादा माणूस मुंबईला असतोच, आणि वर्षाच्या मध्येच कुटुंब तिकडे गेले की पटावरचे नावही जाते.

इतिहासप्रेमींना हे दोन तालुके अन्य कारणांनी ठाऊक आहेत. महाड तालुक्यात रायगड आहे, महाड शहरात चवदार तळे आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे आणि खुद्द पोलादपुरात कवींद्र परमानंदांची. पण डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेचा इतिहास या यादीत येत नाही. तो समजून घ्यायचा, तर त्या शिक्षकाची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. आज शिकवलेला भागाकार पोरांना का कळला नाही, हे तो विचारणार कोणाला? शेजारच्या वर्गात दुसरा शिक्षक नाही. शेजारच्या वर्गाला भिंतच नाही.

आता मागे जाऊ. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. १८६०च्या दशकात लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिच्या पैशातून गावोगाव मराठी शाळा निघू लागल्या. पंतोजींच्या जुन्या शाळेत लेखी दप्तर असे नव्हते. मुलांच्या आईबापांना शिकवणे पटले तर शिधा आणि पैसा मिळे, न पटले तर पंतोजी दुसरे गाव धरीत. नव्या शाळेत मास्तर पगारी झाला, आणि त्याच दिवशी तो लिहिता झाला. हजेरीपट, आवक-जावक, मासिक तक्ते. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर येई. मराठीने त्याला आपलेसे करून ‘दिपोटी’ म्हटले. दिपोटी मुलांची परीक्षा घेई आणि जाताना शेरेबुकात शेरा लिही. त्या दोन ओळींवर मास्तरची बढती, बदली आणि अब्रू अवलंबून असे.

हे सारे विलायतेतल्या पद्धतीचे भावंड होते. १८६२मध्ये इंग्लंडात ‘रिव्हाइज्ड कोड’ नावाचे नियम आले. त्यांनी अनुदान मुलांच्या निकालाला जोडले, आणि प्रत्येक मुख्याध्यापकाला शाळेची नोंदवही ठेवणे सक्तीचे केले. या नोंदवहीविषयीचा एक नियम मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे: तिच्यात सर्वसाधारण स्वरूपाचे चिंतन किंवा मते लिहू नयेत. घडलेल्या गोष्टी तेवढ्या लिहाव्यात. शिक्षकाने काय केले हे सरकारला हवे होते. त्याला काय वाटले, हे नियमानेच वगळले गेले. अनुदानाची निकालाशी सांगड घालण्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही आली.

या व्यवस्थेत वाढलेल्या भारतीय शिक्षकाला शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी ‘दीन हुकूमशहा’ म्हटले आहे. वरिष्ठापुढे दीन आणि वर्गात हुकूमशहा. हे वर्णन कठोर आहे, पण शेरेबुकाची भाषा ज्याने वाचली आहे त्याला ते अतिशयोक्त वाटणार नाही. जो माणूस वर्षभर एकाच वाचकासाठी लिहितो आणि तो वाचक त्याचा साहेब असतो, तो आपली चूक कशाला लिहील?

तरीही त्याच काळात एक वेगळा झरोका उघडला होता. १८६१मध्ये शिक्षणखात्याच्या आश्रयाने ‘मराठी शालापत्रक’ हे मासिक सुरू झाले. गावोगावच्या मास्तरांनी ते वाचावे हा हेतू. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता, आणि १८६८पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री ते सांभाळू लागले. ज्या मास्तरला पुण्या-मुंबईचे वारे कधी लागले नव्हते, त्याच्यापर्यंत नवे मराठी गद्य पोहोचवण्याचे काम या मासिकाने केले. पण हळूहळू विष्णुशास्त्र्यांची लेखणी मूळ प्रकृतीवर गेली. सरकार आणि मिशनरी यांच्यावरची टीका खात्याच्या पैशावर चालणाऱ्या मासिकात खपणे शक्य नव्हते. १८७५मध्ये शालापत्रक बंद पडले. तोवर ‘निबंधमाला’ सुरू झाली होती, आणि पुढची कथा शाळेत सर्वांनी वाचलेली आहे.

त्या कथेच्या प्रकाशात शालापत्रकाची हानी मात्र झाकोळून गेली. मराठी वाङ्मयाला निबंधकार मिळाला. मराठी मास्तरने आपले हक्काचे मासिक काही काळ गमावले. ही परंपरा पुढे निरनिराळ्या नावांनी पुन्हा उभी राहिली, आणि आजचे ‘जीवन शिक्षण’ हे राज्याच्या शिक्षणखात्याचे मासिक आपली वंशावळ १८६१पर्यंत नेते. तरी एक प्रश्न उरतोच: मासिक खात्याचे असेल, तर त्यात शिक्षक किती मोकळेपणाने लिहील?

इथवर वाचून दिपोटीविषयी मनात अढी बसली असेल, तर महाडच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. तो इतिहास हे चित्र इतके सोपे राहू देत नाही.

१८८२मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, त्यांचा पगार तुटपुंजा आहे आणि त्यांचे शिकवणे शेतकऱ्याच्या पोराच्या उपयोगाचे नाही, अशी त्यांची तक्रार होती. शिक्षकाला निदान १२ रुपये पगार असावा असे त्यांनी सुचवले, आणि शेतकरी समाजातून प्रशिक्षित शिक्षक निर्माण करावेत असेही. तपासणी कमी करा, असे मात्र फुल्यांनी म्हटले नाही. वर्षातून एकदा येणारी तपासणी पुरेशी नाही, ती अधिक वेळा व्हावी आणि आगाऊ वर्दी न देताही व्हावी, असे त्यांचे मत होते. ज्याच्या मुलाला वर्गात शिरू दिले जात नाही, त्याला वरून येणारा साहेब हाच आधार असतो.

याचा प्रत्यय महाडात आला. हा सगळा टापू माजी सैनिकांचा. लष्करात शिक्षण सक्तीचे असल्याने महार पलटणींतून साक्षर पेन्शनरांची एक पिढी गावी परतली होती. महाड तालुक्यातल्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच एक. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ तर लष्करी शाळेत शिक्षकच होते. त्यांच्या मुलाचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. या वातावरणात १९०३ साली महाडजवळच्या लाडवलीत रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या हुशार मुलाने अलिबागला शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. पण महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. मुलाने वृत्तपत्राकडे पत्र पाठवले. ते छापून आले, शाळेचे अनुदान धोक्यात येण्याची चिन्हे दिसू लागली आणि प्रवेश मिळाला. बसायला मात्र वेगळे बसवले गेले. याच मोऱ्यांनी पुढे १९२७च्या महाड परिषदेची आखणी करण्यात पुढाकार घेतला.

हा प्रसंग आज माहीत आहे तो मोऱ्यांनी उत्तर आयुष्यात आठवणी लिहिल्या म्हणून. शाळेच्या दप्तरात अशा गोष्टीसाठी रकानाच नसतो. हजेरीपटात मूल हजर असते. ते वर्गात बसले की वर्गाबाहेर, हे हजेरीपट विचारीत नाही. वर्गात शिकवणाऱ्याला त्या दिवसांत काय वाटले असेल? लाज वाटली असेल, भीती वाटली असेल, किंवा काहीच वाटले नसेल. बाहेर बसलेल्या मुलाला आतले ऐकू जावे म्हणून कोणी आवाज चढवला होता का? मुलाची बाजू कागदावर आली, शिक्षकाची आली नाही. म्हणून महाडच्या शाळेचा इतिहास विद्यार्थ्याच्या आठवणीतून लिहावा लागतो. एका अर्थी तेच न्याय्य आहे. पण शिकवणाऱ्यांची बाजू नसल्यामुळे अन्याय वर्गात रोजच्या रोज कसा चालवला जात होता, ते आतून दिसत नाही.

वरून येणारा धाक दार उघडू शकतो, हे महाडने दाखवले. दार उघडल्यावर आत कसे शिकवायचे, हे त्याला शिकवता येत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारचे लेखन लागते, आणि ते मराठीत आले गुजरातमार्गे.

भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. १९२०मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३च्या सुमारास ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. मुंबईत जन्मलेल्या, राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात काम केलेल्या ताराबाईंनी एका अर्थी पदाची पायरी उतरून लहान मुलांचा वर्ग पत्करला. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे मुखपत्र होते ‘शिक्षणपत्रिका’: आधी गुजरातीत, आणि १९३३पासून ताराबाईंच्या संपादकत्वाखाली मराठीत.

याच काळात गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ प्रसिद्ध झाले. पुस्तक काल्पनिक आहे, पण शिक्षकाने स्वतः सांगितलेल्या प्रयोगाच्या रूपात लिहिले आहे. त्याची सुरुवात कशाने होते, हे महत्त्वाचे आहे. नव्या विचारांनी भारलेला शिक्षक वर्गात शिरतो, पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ घेतो, आणि वर्गात नुसता गोंधळ माजतो. पोरे आरडाओरडा करतात, त्यांना लवकर घरी सोडावे लागते, मुख्याध्यापक रागावतात. दुसऱ्या दिवशी तो शिक्षक गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. एकोणिसाव्या शतकातल्या कोणत्याही शेरेबुकात पहिला दिवस लिहिला गेला नसता. लिहिला गेला असता तर मास्तरची बदली झाली असती. गिजुभाईंनी पुस्तकाची सुरुवातच तिथून केली, आणि दुसऱ्या दिवसाचा शोध पहिल्या दिवसाच्या फजितीतून निघतो हे दाखवले.

मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे महत्त्व या दृष्टीने पाहावे. तिचा वाचक साहेब नव्हता. दुसऱ्या गावातली शिक्षिका, बालवर्ग काढू पाहणारी गृहिणी, मुलाला समजून घेऊ पाहणारा बाप, हे तिचे वाचक. वाचक बदलला की लेखनही बदलते. ‘माझ्या वर्गात हे जमले नाही’ असे वाक्य मराठीत छापण्याजोगे झाले.

त्याच सुमारास फ्रान्सच्या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाचा प्राथमिक शिक्षक हेच दुसऱ्या वाटेने करीत होता. महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली. वर्गात तास-तास बोलणे अवघड. त्याने वर्गात लहानसे छापयंत्र आणले, मुलांचे लेखन मुलांकडूनच छापून घेतले आणि दूरच्या शाळेतल्या शिक्षकाशी त्याची देवघेव सुरू केली. त्यातून खेड्यातल्या शिक्षकांचे एक जाळेच उभे राहिले. भावनगर आणि फ्रान्सचे खेडे, दोन्हीकडे गरज एकच होती: एकट्या शिक्षकाला सोबती हवा होता.

या लेखनाने प्रत्यक्षात काय साधले, याचे सर्वांत ठळक उदाहरण कोकणच्या उत्तर टोकाला सापडते. १९४५मध्ये ताराबाईंनी मुंबईची शिशुविहारची चौकट सोडून बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ. मोरगावात जन्मलेल्या, लहान वयात लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, शिकून पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या अनुताईंनी शहरातली स्थिर नोकरी सोडली होती.

बोर्डीला बालवाडी उघडली, साहित्य मांडले. आणि ज्यांच्यासाठी ती उघडली ती वस्त्यांमधली मुले येईनात. जी येत ती अर्ध्यातून जात. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे, गुरे चारायची असत. शाळेच्या दप्तरात याला एकच शब्द आहे: गैरहजर. आणि गैरहजेरीचा दोष मुलाच्या आईबापांवर टाकला की दप्तर मिटते. ताराबाई आणि अनुताईंनी तो दोष आपल्या शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात का जात नाही? शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, झाडाखाली, ओसरीवर वर्ग भरू लागले. माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. याला त्यांनी अंगणवाडी म्हटले. १९५७च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक गुरांमागे जात आणि चरणीवरच शिकवत. १९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभर, मराठीचा गंधही नसलेल्या राज्यांत हा शब्द बोलला जातो. त्याच्या मुळाशी बोर्डीच्या रिकाम्या वर्गाची प्रामाणिक नोंद आहे.

अनुताईंनी हे अनुभव पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहिले. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५मध्ये पद्मश्री. पुरस्कारांची ही नोंद ज्ञानकोशात आहेच. वर्ग का भरला नाही, हे शोधण्याचा दोन शिक्षिकांचा उद्योग तिथे क्वचितच सापडतो.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले आणि शाळेतल्या अनुभवांवर सातत्याने लिहिले, तेही याच परंपरेतले. साने गुरुजींचे उदाहरण थोडे निराळे. अमळनेरच्या वसतिगृहात त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले. पण त्याचे वाचक विद्यार्थी होते, सहशिक्षक नव्हते. साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक मात्र महाडच्या उत्तरेला, माणगाव तालुक्यात वडघरला उभे आहे.

तर मग महाड-पोलादपुरात हा प्रवाह कितपत पोहोचला?

१९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. दिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आला, पुढे केंद्रप्रमुख आला. दहा-बारा शाळांचे एक केंद्र, आणि केंद्रातल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचे. आधी त्याला केंद्रसंमेलन म्हणत, आता शिक्षण परिषद म्हणतात. डोंगरातल्या शिक्षकासाठी कागदावर यापेक्षा चांगली योजना नाही. महिन्यातून एक दिवस तरी भिंतीपलीकडे सहकारी असतो. पण त्या दिवसाचा मोठा भाग वरून आलेली परिपत्रके आणि मागवलेली माहिती यांत जातो, ही तक्रार राज्यभर ऐकू येते. माणसे समोरासमोर बसतात आणि पुन्हा वरच्यासाठीच लिहितात.

२०१० साली एक विलक्षण संधी आली होती. शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने. १८६२च्या नियमाने जे निषिद्ध केले होते, ते जवळजवळ दीडशे वर्षांनी शासनाने स्वतः मागितले: शिक्षकाला मुलात काय दिसले, ते त्याच्या शब्दांत.

पुढे काय झाले, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. विषय, इयत्ता आणि श्रेणी यांनुसार वाक्ये छापलेली. शिक्षकाने ती उतरवायची. मुलाचे नाव तेवढे बदलायचे. यासाठी शिक्षकाला हसणे सोपे आहे. पण ज्या नोंदी तपासणीत मोजल्या जाणार, वाचल्या जाणार नाहीत, त्या माणूस अशाच लिहितो. रकाना मोकळा सोडला होता, वाचक जुनाच ठेवला होता.

आणि तरी या भागातल्या शिक्षकांपाशी लिहिण्याजोगे काय नव्हते? २५ जुलै २००५च्या पावसात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते आणि पोलादपुरातील कोतवाल इथे डोंगर खाली आले. २२ जुलै २०२१ला महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपुरात साखर-सुतारवाडी व केवनाळे इथेही घरे गाडली गेली. गेलेल्यांत लहान मुले होती. वाचलेल्यांतही होती. कधी ना कधी पुन्हा घंटा झाली असेल. हजेरी घेताना कोणत्या नावापाशी थांबायचे आणि कोणते नाव गाळायचे, पहिल्या तासाला काय शिकवायचे, पाऊस वाजू लागला की खिडकीकडे पाहणाऱ्या मुलाला काय सांगायचे? टाचणवहीत त्या दिवशीही रकाने तेच असतात: दिनांक, विषय, घटक, साहित्य, मूल्यमापन. हिमालयापासून निलगिरीपर्यंत जिथे जिथे डोंगर सुटतो, तिथल्या शिक्षकांना उपयोगी पडेल असे ज्ञान दासगाव-तळियेच्या परिसरातील वर्गांत गोळा झालेले आहे. ते लिहून घेण्याची व्यवस्था दप्तरात नाही.

ज्या २०२३च्या शेवटी जनरल रजिस्टरे शोधली गेली, त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्याजवळील पानशेत ही उदाहरणे समोर ठेवली होती. घाटाखालच्या वाड्यांमध्ये वीसच्या आतला पट ही नवलाची गोष्ट नाही. या प्रस्तावांवर राज्यभर वाद झाला; तो अंतर, वाहतूक आणि शिक्षणहक्क यांविषयी होता, आणि तसाच असायला हवा होता.

दप्तराचे नियम मात्र ठरलेले आहेत. शाळा बंद झाली की तिचे जनरल रजिस्टर जवळच्या शाळेच्या ताब्यात जाते, कारण दाखला केव्हाही लागू शकतो. टाचणवह्या घ्यायला कोणी येत नाही.